थीसिसचं स्टॅटिस्टिक्स, सदाशिव पेठ: पाचपैकी चार तारे

जिना अंधारा आहे, हे आधीच सांगून ठेवते. खाली बाइंडिंगचं दुकान, त्याच्या कडेने लाकडी जिना आणि वर दारावर ‘सांख्यिकी सल्ला’ एवढीच पाटी. मोबाइलचा टॉर्च लावूनच चढा. मी पहिल्यांदा गेले ती नाइट ड्यूटी संपवून. चौथ्या पायरीला ठेचकाळले आणि लॅपटॉपच्या बॅगेचा बंद तुटला. एक तारा तिथेच गेला. बाकीचे चार का राहिले ते लिहिते.

सरांचं नाव टाकत नाही, कारण त्यांनीच मना केलंय. “आहे ती गर्दीच मला झेपत नाही,” म्हणाले. पुण्यात पीजी करत असाल तर आपल्या डिपार्टमेंटच्या सीनियरला विचारा, पत्ता मिळेल. कॉलेजात तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालेत आणि आता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आमच्यासारख्यांचे थीसिस बघतात.

मी रेडिओथेरपीची जेआर-३, म्हणजे तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट. विषय असा: तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरला रेडिएशन आणि केमो एकत्र दिल्यावर पेशंट किती जगतात आणि कसे जगतात. पेशंट ५८. ‘किती’साठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस. ‘कसे’साठी क्यूएलक्यू-सी३०, म्हणजे युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेची तीस प्रश्नांची प्रश्नावली. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली, मराठीतही आहे, फक्त वापरण्याआधी त्यांच्याकडून रीतसर परवानगी घ्यावी लागते. फॉर्म तीनदा भरून घेतला: उपचाराआधी, उपचार संपताना आणि सहा महिन्यांनी.

आता सरांकडे जाण्याआधी मी काय घोळ घातला तेही सांगायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या एका ऑनलाइन सर्व्हिसला ९,५०० रुपये दिले. ‘सात दिवसांत रिझल्ट्स चॅप्टर’. नाव लिहीत नाही, आणि तसे बरेच आहेत. सातव्या दिवशी खरंच बावीस पानांची फाइल आली, रंगीत पाय चार्टसकट. मी इतकी खूश झाले की मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजला. सीनियरने पहिलं पान वाचलं, चहा संपवला आणि म्हणाली, “हे घेऊन व्हायव्हाला गेलीस तर एक्झामिनर तुला सोलून काढतील.”

सरांनी ती फाइल उघडलीसुद्धा नाही. “एक्सेल दाखवा, डॉक्टर.” पहिल्या दिवशी मला ‘डॉक्टर’ आणि ‘तुम्ही’ होतं. तिसऱ्या खेपेपर्यंत ‘अगं’ झालं.

पहिला प्रश्न: “घड्याळ कधी सुरू केलंत?” मला कळेना. मग त्यांनी कॉलमवर बोट ठेवलं. निम्म्या पेशंटना मी बायोप्सीच्या तारखेपासून मोजलं होतं आणि निम्म्यांना आमच्याकडे नोंदणी झाल्याच्या तारखेपासून. बायोप्सी गावात झालेली असते, मग पैशांची जुळवाजुळव, कागदपत्रं, कोणाचा महिना जातो तर कोणाचे अडीच. पहिल्यांना तेवढं आयुष्य मी फुकटात बहाल केलं होतं. सगळ्यांची सुरुवात उपचाराच्या पहिल्या दिवसापासून धरायची असं ठरलं. एक अख्खी दुपार फाइली काढून तारखा दुरुस्त करण्यात गेली. रेकॉर्ड रूममधल्या मामांना दोन वडापाव लागू झाले.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. ऑनलाइनवाल्यांनी ‘सरासरी सर्व्हायव्हल’ काढलं होतं ते फक्त मेलेल्या पेशंटवरून. जिवंत असलेले आणि यायचे थांबलेले गाळूनच टाकले होते. यात काय चुकलं ते सरांनी कॅरमच्या सोंगट्यांवर दाखवलं. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत मला इतकं स्वच्छ कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

टेबलावर दहा सोंगट्या मांडल्या. काळी म्हणजे मृत्यू. पांढरी म्हणजे बातमी थांबली: पेशंट यायचा बंद झाला, किंवा अभ्यास संपला तेव्हा जिवंत होता. यालाच सेन्सॉर्ड म्हणतात. (मला हा शब्द ऐकला की अजून सिनेमाच आठवतो.) आकडे सरांनी मनानेच घेतले होते. त्यांवरून कर्व्ह काढायचा होता, म्हणजे कुठल्या महिन्याला किती हिस्सा जिवंत उरला त्याची उतरती रेघ. दुसऱ्या महिन्यात काळी, तिसऱ्यात पांढरी, पाचव्यात काळी, सहाव्यात काळी, आठव्यात पांढरी, नवव्यात काळी, बाराव्यात पांढरी, चौदाव्यात काळी आणि अठराव्याला शेवटच्या दोन पांढऱ्या.

“दुसरा महिना. दहातला एक गेला. किती राहिले?” नऊ दशांश. ०.९.

“तिसरा. ही पांढरी उचलली. आता काय बदललं?”

मी म्हटलं, काही नाही.

“कर्व्हमध्ये काही नाही. पण पुढचा भागाकार बदलला. पाचव्या महिन्यात आता पाटावर आठच आहेत. आठातला एक गेला, ०.९ गुणिले सात अष्टमांश.” ०.७८७५. सहाव्याला सातातला एक, ०.६७५. आठव्याची पांढरी गेली, म्हणून नवव्याला पाचातला एक, ०.५४. बाराव्याची पांढरी गेली, म्हणून चौदाव्याला तिघांतला एक, ०.३६. रेघ अर्ध्याखाली गेली ती चौदाव्या महिन्यात, म्हणजे मीडियन सर्व्हायव्हल १४ महिने. मग त्यांनी फक्त काळ्या सोंगट्या घेतल्या: २, ५, ६, ९, १४. बेरीज ३६, भागिले पाच, ७.२ महिने. तेच दहा जण, आणि आयुष्य निम्मं. मी ९,५०० रुपये मोजून जे विकत घेतलं होतं ते हे ७.२.

ही कॅप्लन-मायर पद्धत. १९५८ चा पेपर. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघांनी आपापला वेगळा लेख एकाच जर्नलला पाठवला होता, संपादकांनी दोघांना एकत्र बसून एकच लिहायला लावलं. आमच्याकडे एकाच केसवर दोन रेसिडेंट पोस्टर घेऊन आले की मॅडम करतात तसंच. मला हा किस्सा फार आवडला, सरांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

ते सोंगट्या डब्यात भरत होते. भरता भरता म्हणाले, “हे गणित एका अटीवर चालतं. पांढरी सोंगटी उठून गेली ती पाटावर राहिलेल्यांसारखीच असली पाहिजे. तुमच्या किती पांढऱ्या आहेत?”

अभ्यास संपताना जिवंत होते ते सोडले तर माझ्याकडे १७ पेशंट अधेमधे गायब झालेले होते. एक्सेलमध्ये त्यांच्यापुढे मी छान ‘एलएफयू’ लिहून ठेवलं होतं. लॉस्ट टू फॉलोअप. “ते काय बरे झाले म्हणून यायचे थांबले?” सरांनी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. उपचार लागू पडत नसलेला माणूस इंदापूरहून बस बदलत ओपीडीला कशाला येईल? पण माहीत असणं वेगळं, आणि ते माझ्या कर्व्हमध्ये नव्हतं. माझ्या कर्व्हमध्ये ते सतरा जण उरलेल्यांच्या हिशेबानेच जगत होते.

“सगळ्यांना फोन करा. तोवर मी काँप्युटर सुरू करणार नाही.”

मी वैतागले, हे प्रामाणिकपणे लिहिते. सबमिशनला सात आठवडे होते. म्हटलं, सर, सगळेच थीसिसमध्ये एलएफयू दाखवतात. तर मला विचारलं, गाव कुठलं. बार्शी म्हटल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. १९८७ पासून बार्शीत ग्रामीण भागाची कॅन्सर रजिस्ट्री चालते, देशातली पहिली. तिचे लोक पेशंट दवाखान्यात येण्याची वाट न बघता गावोगाव जाऊन विचारत फिरले. “तुझ्या गावचे लोक सायकलीवरून गेले असतील, तुझ्या हातात तर फोन आहे.” सायकलीचं त्यांनी मनचं घातलं असावं. पण यावर काय बोलणार?

ओपीडी संपल्यावर लिनॅकच्या, म्हणजे रेडिएशनच्या मशीनच्या, खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी चार संध्याकाळी फोन केले. काही नंबर बंद. एका ठिकाणी नातवाने उचलला आणि “आजोबा शेतात गेलेत, नंतर करा” म्हणाला, तेव्हा मी बाकावरून उठून उभीच राहिले. एका बाईंनी माझं नाव ओळखलं. म्हणाल्या, “ते गेले मॅडम, आषाढी झाल्यावर चार दिवसांनी. तुम्हाला कळवायचं राहिलं.” माझी माफी मागत होत्या. मी तारीख विचारली, कारण मला तारीख हवी होती, आणि त्यांनी कॅलेंडर बघून सांगितली.

सतरापैकी नऊ गेलेले, पाच जिवंत, तिघांचा पत्ता लागला नाही. मृत्यू १४ वरून २३ झाले. आधी माझी रेघ अर्ध्याच्या खाली उतरतच नव्हती, आता उतरली. ‘मीडियन नॉट रीच्ड’ हे वाक्य मी थीसिसमध्ये अभिमानाने लिहिणार होते.

यानंतर सरांनी ‘आर’ या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. एसपीएसएस ते वापरत नाहीत. कर्व्ह काळा-पांढरा, दिसायला अगदीच साधा, पण खाली एक ओळ हवीच असा त्यांचा हट्ट: कुठल्या महिन्याला किती पेशंट अजून हिशेबात आहेत. माझ्या कर्व्हची शेपटी मस्त सपाट दिसत होती. खालची ओळ बघितली तर तिथे चारच जण उरलेले. चार जणांपैकी तीन महिन्यांत कोणी गेलं नाही, याला प्लॅटो, म्हणजे आता मृत्यू थांबले, असं म्हणून नाचू नये, एवढं माझं मलाच कळलं.

माझ्या गाइडची एक आवडती कल्पना इथे गळाली. त्यांना दाखवायचं होतं की केमोच्या सहाही सायकल (आठवड्याला एक डोस) पूर्ण केलेले पेशंट जास्त जगतात. ऑनलाइनवाल्यांनी ते दाखवलंही होतं, पी-व्हॅल्यूला (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) तीन शून्यं लावून. सर म्हणाले, “तिसऱ्या आठवड्यात गेलेला माणूस सहा सायकल कधी पूर्ण करणार होता? सहा पूर्ण करायला आधी सहा आठवडे जगावं लागतं.” म्हणजे जगले म्हणून सायकल झाल्या की सायकल झाल्या म्हणून जगले, हेच त्या आकड्यात कळत नव्हतं. उपाय असा की उपचार संपण्याच्या सुमाराचा एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी हयात असलेलेच घ्यायचे आणि घड्याळ तिथून नव्याने सुरू करायचं. याला लँडमार्क म्हणतात. तसं केल्यावर फरक उरला, पण तीन शून्यांचा नाही. अजिबातच नाही.

नऊ घटक टाकून कॉक्स मॉडेल करायचं होतं, तेही दोनावर आलं. कॉक्सचं रिग्रेशन १९७२ चं. एकेका घटकाने मृत्यूचा धोका किती पटींनी बदलतो ते काढतं, पण त्याला खाद्य लागतं ते मृत्यूंचं, पेशंटच्या संख्येचं नव्हे. दर घटकामागे साधारण दहा मृत्यू असावेत हा ढोबळ नियम. माझ्याकडे २३. “नऊ घटक घालायचे तर आणखी सत्तर माणसं मरायची वाट बघ,” असं ते सरळ म्हणाले. काकू आतून “अहो!” म्हणून ओरडल्या. स्टेज (आजार किती पसरलाय) आणि परफॉर्मन्स स्टेटस (पेशंट कितपत हिंडता-फिरता आहे) हे दोन ठेवले. गाइड चार दिवस नाराज होते. मग त्यांनीच सरांना फोन केला आणि पाऊण तास बोलत बसले.

आता ‘कसे जगतात’ची बाजू. मला वाटत होतं हा सोपा भाग आहे.

सी३० मधल्या पहिल्या २८ प्रश्नांना चार पर्याय असतात, अजिबात नाही ते खूप जास्त. शेवटच्या दोघांना सात. ऑनलाइनवाल्यांनी तिसांची सरळ बेरीज मारली होती. पण हे तीस प्रश्न पंधरा मापांत विभागलेत. शारीरिक, भावनिक वगैरे पाच कार्यक्षमतेची मापं, थकवा, मळमळ आणि वेदना ही तीन लक्षणांची, सहा सुटे प्रश्न, आणि एक एकूण आरोग्याचं. प्रत्येक माप ० ते १०० वर आणायचं. कार्यक्षमतेत १०० म्हणजे उत्तम आणि वेदनेत १०० म्हणजे असह्य. यांची बेरीज करणं म्हणजे बँकेतली शिल्लक आणि डोक्यावरचं कर्ज एकत्र मिळवून श्रीमंती मोजण्यासारखं आहे. वेदनेचे दोन प्रश्न, उत्तरं ३ आणि २ असली तर सरासरी अडीच. त्यातून एक वजा, भागिले तीन, गुणिले शंभर: ५०. कार्यक्षमतेला तेच उलटं करायचं. सरांनी मला पहिल्या पाच पेशंटचे स्कोअर हाताने काढायला लावले, काँप्युटर नंतर. सुट्या सहांमधला एक प्रश्न पैशाच्या ओढाताणीचा आहे. हा प्रश्न वाचून दाखवला की बरेच पेशंट हसायचे. त्या हसण्याला चारपैकी कुठला आकडा द्यायचा ते मात्र कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

हिशेब नीट केल्यावरही एक गोड चित्र हाती आलं. एकूण आरोग्याचा स्कोअर उपचाराआधी ५२ आणि सहा महिन्यांनी ६६. मी लगेच ‘लक्षणीय सुधारणा’ असं टाइपही केलं. सरांनी विचारलं, ५२ किती जणांचा? ५८ जणांचा. आणि ६६? ३१ जणांचा. “मग त्याच ३१ जणांचा सुरुवातीचा किती होता?” काढला. ६३.

मी बराच वेळ त्या ६३ कडे बघत होते. सुधारणा चौदा गुणांची नव्हती, तीन गुणांची होती, आणि तीन गुण पेशंटला जाणवतही नाहीत. १९९८ च्या एका अभ्यासात पेशंटनाच विचारून ठरवलं गेलं की पाच ते दहा गुणांचा फरक म्हणजे थोडासा, दहा ते वीस मध्यम, आणि वीसच्या वर खूप. बाकीचा चढ कुठून आला? जे सुरुवातीपासूनच खंगलेले होते ते सहाव्या महिन्यात फॉर्म भरायला नव्हतेच. वर्गातली कच्ची मुलं शाळा सोडून गेली की वर्गाची सरासरी वाढते, तसं.

सरांनी मग तीन वेगळ्या रेघा काढायला सांगितल्या: एकच फॉर्म भरला ते, दोन भरले ते आणि तिन्ही भरले ते. पहिल्या गटाची तर रेघही नाही, एक ठिपका, सगळ्यात खाली. व्हायव्हाला त्या आलेखावर मला सर्वांत जास्त प्रश्न आले आणि ते चांगले प्रश्न होते. सर्व्हायव्हल आणि स्कोअर एकाच मॉडेलमध्ये बसवणारी जॉइंट मॉडेलही असतात, पण ५८ पेशंटवर तो खटाटोप नको म्हणाले. आयुष्याची लांबी आणि प्रत गुणून क्वाली काढता येईल का, तेही मी विचारून घेतलं. अर्ध्या प्रतीची दोन वर्षं म्हणजे एक क्वाली, असा तो हिशेब. त्याला ईक्यू-५डीसारखी प्रश्नावली लागते, जिच्या उत्तरांना लोकांच्या पसंतीवरून किंमत लावलेली असते. भारताची अशी किंमतयादी २०२२ मध्ये आली. सी३० चा ५८ हा स्कोअर म्हणजे ०.५८ नव्हे. हे वाक्य त्यांनी मला वहीत लिहायला लावलं, शाळेसारखं.

तक्रारी आहेत. एक ते चार फोन बंद, हे पुण्यात सांगायला नको. ई-मेल दोन-दोन दिवस बघत नाहीत. रिझल्ट्स चॅप्टर लिहून देत नाहीत, फक्त तक्ते आणि आलेख. मेथड्सचा एक परिच्छेद दिला, त्याचं इंग्रजी इतकं जुन्या वळणाचं होतं की मला पुन्हा लिहावा लागला. काम झाल्यावर सँपल साइज (किती पेशंट घ्यायला हवेत तो हिशेब) मागून जुळवून देत नाहीत, विचारूही नका, माझ्यासमोर एका ऑर्थोवाल्याला घालवून दिलं. आणि सात आठवड्यांतले पाच त्यांनी खाल्ले. सबमिशनच्या आदल्या रात्री मी खालच्या बाइंडिंगवाल्या काकांच्या दुकानात साडेदहापर्यंत बसून होते. ते बिचारे शटर अर्धं ओढून थांबले, त्यांना वेगळे पाच तारे.

पहिल्या बैठकीचे ५०० रुपये, पूर्ण कामाचे ६,०००. यूपीआय नाही, रोख न्या. गाडी गल्लीत लावू नका, उचलतात. काकूंनी चहा विचारला तर हो म्हणा, नाहीतर दर दहा मिनिटांनी विचारतात.

आणि जाण्याआधी एक्सेल तेवढं नीट करा. उपचार सुरू झाल्याची तारीख एका रकान्यात. मृत्यूची तारीख दुसऱ्यात. पेशंट जिवंत असल्याचं शेवटचं कधी कळलं ती तिसऱ्यात. पुढचा एक रकाना सर हमखास मागतात आणि तो कोणाकडेच नसतो: ही बातमी कोणी दिली. मी त्यात ‘पत्नी’, ‘मुलगा’, ‘नातू’ असं भरत गेले.